सात नंबरच्या नळीवरची साय

शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायला चार ओळींची जागा असते. मार्गदर्शकांचे आभार, विद्यापीठाचे आभार, यंत्र वापरू देणाऱ्या शेजारच्या विभागाचे आभार आणि सगळ्यात खाली ‘रक्त देणाऱ्या सर्व अनाम दात्यांचे आभार’. माझ्याही निबंधात हीच ओळ आहे. दात्याचं नाव कुठंही लिहायचं नाही असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. माझ्या वहीत माणसं नव्हतीच, नुसते क्रमांक होते. पण सात नंबरच्या दात्याचे आभार त्या एका ओळीत मावत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. नाव इथंही लिहिणार नाही.

माझं काम एच.आय.व्ही.वर चालतं. हे वाक्य आत्ता जितक्या सहज लिहिलं, तितक्या सहज बोलायला मला बरीच वर्षं लागली. मी गडहिंग्लजकडची. घरचं किराणा दुकान, बोलणं निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. मी कोल्हापुरात संशोधनाला लागले तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, सगळ्या सोयऱ्यांना सांगायची, “आमची पोरगी सर्दीच्या विषाणूवर काम करते.” लग्न जमेपर्यंत एवढं सांभाळ म्हणाली. लग्न जमलं, झालं, सासरची माणसं सगळं समजून घेणारी निघाली, तरी अव्वाची सर्दी काही बरी होईना. खोटं तिचं होतं, पण सोय माझी होती. मीही कुणी विचारलं की “पेशींवर काम करते” एवढंच सांगून विषय बदलायची.

काम तसं धोक्याचं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत जिवंत विषाणू कधीच नव्हता. मला रस होता तो त्याच्या पहिल्या काही तासांत. हा विषाणू फार थोडं सामान घेऊन येतो. स्वतःची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी प्रथिनं, बाकी सगळं तो आपल्या पेशीकडून वापरून घेतो. पेशीच्या दारावरची दोन प्रथिनं धरून तो आत येतो. आत आला की पेशीचंच सायक्लोफिलिन नावाचं प्रथिन त्याच्या कवचावर जाऊन बसतं आणि पेशीच्या पहारेकऱ्यांपासून त्याला झाकतं. पुढं पेशीचीच आणखी काही प्रथिनं त्याला केंद्रकाची वाट दाखवतात. आपलीच माणसं त्याला घरात घेतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा चक्क राग आला होता. मी त्या कवचाचं नुसतं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायची, बारीक मण्यांना चिकटवायची आणि त्यावर माणसाच्या पांढऱ्या पेशींचा अर्क ओतायची. मग त्या गळाला काय काय लागतं ते बघायचं. हे काम दुसरीकडं मोठमोठ्या लोकांनी आधी केलेलं होतं. मला ते आपल्याकडच्या माणसांच्या पेशींत बघायचं होतं.

त्यासाठी ताजं रक्त लागायचं, तेही निरोगी आणि भरपूर पेशींचं. विभागातले विद्यार्थी रक्ताचं नाव काढलं की गायब व्हायचे. एकाची परीक्षा, एकीचं हिमोग्लोबिन कमी, एकाच्या आईची परवानगी नाही. सहा दाते कसेबसे मिळाले आणि मग मी हात टेकले. तेव्हा मला सुचली ती आमच्या भाड्याच्या घरासमोरची तालीम.

तालमीचे वस्ताद साठीच्या पुढचे, आवाज असा की गल्लीच्या टोकाला माणूस दचकावा. गणपतीत, अपघातात, कुणाच्या बाळंतपणात, रक्त पाहिजे म्हटलं की त्यांच्याकडं फोन यायचा आणि ते पोरांना मोटारसायकलवर घालून पाठवायचे. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “म्याडम, रगात मागाय लाजतासा व्हय? आमच्या पोरांच्यात त्येचीच तर खाण हाय की!” आणि दुसऱ्या दिवशी एक पैलवान माझ्यापुढं उभा केला.

तो सव्वीस-सत्तावीसचा असेल. मूळचा मुरगूडकडचा, तालमीतच राहणारा. कान चेपून गोळा झालेले, मान खांद्यांत बुडालेली आणि आवाज मात्र शाळेतल्या शहाण्या मुलासारखा बारीक. तेवढ्यात वस्तादांनी सांगूनही टाकलं की त्याची सोयरीक राधानगरीकडं जमली आहे, दिवाळीनंतर बार उडवायचा आहे. पैलवान कानापर्यंत लाल झाला.

मी त्याला संमतीपत्र दिलं. चार पानी, छापील, शुद्ध मराठीत. त्यातलं दुसरं पान सगळं त्या विषाणूबद्दल होतं. ते वाचून दाखवणं माझं काम होतं, आणि मी ते वाचलंही, पण कसं वाचलं ते मला ठाऊक आहे. पहिलं पान स्वच्छ वाचलं, दुसऱ्या पानावर गाडी जोरात सोडली आणि नावाच्या ठिकाणी नुसतं “एका विषाणूच्या प्रथिनाचा” असं म्हणून पुढं गेले. त्यानं मान डोलावली, सही केली, स्वतःची प्रत घडी घालून लंगोटाच्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, “उद्या सकाळी नऊला या. येताना काही खाऊ नका.” तो म्हणाला, “न्हाय खात.”

दुसऱ्या दिवशी नऊला आला, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी रक्त काढलं, तो हसत गेला. मी रक्त घेऊन प्रयोगशाळेत आले. एका जड द्रवावर रक्त अलगद सोडायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं, की त्याचे थर होतात. खाली लाल, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं स्वच्छ पाणी आणि मध्ये पांढऱ्या पेशींचं बारीक कडं. तेच कडं मला उचलायचं असतं. मी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. वरचं पाणी स्वच्छ नव्हतं. पांढरं होतं, दाट, दुधासारखं. कडं कुठं आहे ते दिसतच नव्हतं.

त्या वेळी मी थांबून विचार करायला हवा होता. असल्या रक्ताबद्दल पुस्तकात वाचलेलंही होतं. पण अर्धा दिवस वाया गेल्याचा संताप डोक्यात होता. ते वरचं पांढरं पाणी एका नळीत काढलं, नळीवर ‘७’ लिहिलं, ती फ्रीजमध्ये ठेवली आणि सरळ वस्तादांना फोन लावला. माझे नेमके शब्द मला आजही पाठ आहेत. “वस्ताद, तुमच्या पैलवानाच्या रक्तात जरा गडबड दिसतेय. त्यांना पुन्हा पाठवा.”

वस्तादांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा. वीसेक पोरं जोर मारत असताना माझा आवाज तालमीत घुमला. कुणीतरी पैलवानाच्या पिशवीतला कागद काढला. मी जी ओळ पळवली होती, ती त्या वाचणाऱ्या पोरानं सावकाश, अक्षर लावून वाचली.

हे सगळं मला चार दिवसांनी कळलं. चार दिवस पैलवान आला नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्याच्यावर चिडून बसले होते. पाचव्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. आत येईना. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाला, “म्याडम, मला किती दिवस हायत?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यानं एकेक सांगितलं. तालमीत त्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. त्याच्या जोडीचा पैलवान, ज्याच्याबरोबर तो सहा वर्षं रोज लढत होता, तो मातीत उतरायला तयार नव्हता, घाम लागेल म्हणून. बातमी मुरगुडात गेली, मुरगुडातून राधानगरीला गेली. मुलीच्या वडिलांनी वस्तादांना कळवलं होतं, लग्न मोडलं समजा. आणि त्यानं स्वतः ठरवून टाकलं होतं की आपल्याला तो आजार आहे आणि बाईंनी दयेपोटी ‘गडबड’ एवढंच म्हटलं आहे. “तसलं कायबी केलं न्हाय वो मी,” एवढंच तो दोनदा म्हणाला.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि पहिल्यांदा, त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच, शांतपणे सांगितलं की मी तुमच्या रक्तात तो विषाणू शोधलेलाच नाही. ते माझं कामच नाही. मला तुमच्या निरोगी पेशी हव्या होत्या. मग फोन का केला, असं तो विचारणार होता, त्याआधी मीच उठून फ्रीज उघडला.

सात नंबरची नळी चार दिवस हलली नव्हती. खालचं पाणी आता बरंच निवळलं होतं आणि वर बोटाच्या पेराएवढा पांढरा, घट्ट थर धरला होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?”

“कायबी न्हाय. तुमी सांगितलंतं की.”

“प्यायला काय?”

“दूधच की. रोजचं.”

“किती?”

तो विचार करून म्हणाला, “दीड लिटर आसंल. मेहनत झाल्यावर पाचला दूधकट्ट्यावर जातो. म्हस पिळली की तितंच. आन् वर वाटीभर तूप.”

“मी काही खाऊ नका म्हटलं होतं ना?”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच परगावची आहे. “दूध कुठं खाण्यात धरत्यात, म्याडम? उपासाला बी चालतंय की.”

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. तो घाबरून उभा राहिला. एवढा मोठा माणूस टेबलावरची कापसाची गुंडाळी माझ्यापुढं धरून उभा होता, डोळे पुसायला. ज्याचं आयुष्य मी एका वाक्यात उलथंपालथं केलं, तो मलाच सावरत होता. त्याचे पहिले आभार त्या कापसाबद्दल आहेत.

त्याच दिवशी मी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात गेले. त्याचं समाधान व्हावं म्हणून रीतसर चाचणी केली. काहीही निघालं नाही. मला वाटलं, आता हा कागद मुलीच्या वडिलांना दाखवला की संपलं. वस्तादांनी मान हलवली. “त्या पावण्याला तुमी वळखत न्हाईसा. कागदानं त्यो ऐकायचा न्हाय. तुमी सोता चला.” पैलवानाला विचारलं, तर तो म्हणाला, “ती नळी बी घ्या.” नळी अशी बाहेर नेणं नियमात बसत नव्हतं. पण रक्त त्याचं होतं आणि अब्रूही त्याचीच होती. मी नळीला दोन झाकणं लावली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि वस्तादांच्या जीपमध्ये बसले.

राधानगरीच्या अलीकडं एका फाट्यावर मुलीचं घर. दारात चार म्हशी, मागं भाताचं खाचर. मुलीच्या वडिलांनी वस्तादांना “या पावणं” म्हणून आत घेतलं, माझ्यापुढं खुर्ची ठेवली, पण पैलवानाला या म्हणाले नाहीत. तो जीपमध्येच बसून राहिला.

मी चाचणीचा कागद पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत दिला. “कागूद आणलासा, बरं केलासा. पर कागूद कुठंबी मिळतोय, बाई. कायच नव्हतं तर बोलावलंसा कशापायी, ते सांगा की.”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगायला लागले. रक्तातला मेद, त्याचे कण, आहारानंतर त्यांचं वाढणारं प्रमाण. माझं मलाच ऐकवेना. समोरच्या माणसाचा चेहरा दगडासारखा होत चालला. वस्ताद मध्येच “खरं हाय, खरं हाय” म्हणत होते, त्यानं तर सगळंच खोटं वाटत होतं. शेवटी मी डबा उघडला आणि नळी बाहेर काढली.

स्वयंपाकघराच्या दारात इतका वेळ एक मुलगी उभी होती. तीच नवरी. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध तपासायला बसते, हे मला जीपमध्ये कळलं होतं. ती पुढं आली. “बघू.”

वडील म्हणाले, “आगं, हात लावू नगंस.” तिनं ऐकलं नाही. नळी उजेडाकडं धरली, हळूच तिरकी केली. खालचं पाणी सरकलं, वरचा थर काचेला धरून जागच्या जागी राहिला. तिनं नळी पुन्हा सरळ केली.

“साय हाय की ही,” ती म्हणाली.

“रगतात साय?” वडील उठून जवळ आले.

“मग? रोज बघतोय न्हवं आपण.” ती माझ्याकडं वळली. “किती प्यालतं?”

“दीड लिटर. म्हशीचं. आणि वर वाटीभर तूप.”

तिनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. “आमच्या संस्थेत आणलं आसतं तर फॅटला पैला नंबर लागला आसता!”

वस्ताद गडगडून हसले. वडिलांनी नळी स्वतःच्या हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, आणि मग त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. ते मला कितीदा तरी म्हणाले, साय, साय हाय ही. जे मला वर्षानुवर्षांच्या शिक्षणानं सांगता आलं नाही, ते त्या मुलीनं चार शब्दांत सांगितलं. तिचे आभार मी तिथंच मानले. पण ती आता हसत नव्हती. मघाचं हसू गेलं होतं.

“एक इचारू का, ताई?”

“विचार.”

“हे दुधाचं निघालं म्हणून तुमी आलासा. आन् खरंच त्यो आजार निघाला आसता, तर आला आसता का?”

मी लगेच उत्तर दिलं. म्हटलं, आता औषधं आहेत. रोज गोळी घेतली, कधी चुकवली नाही, की विषाणू चाचणीत दिसेनासा होतो. मग संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. लग्न करता येतं, संसार होतो, बाळ निरोगी जन्मतं. सगळं खरं होतं आणि सगळं मी नीट सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “ते औषधाचं झालं. मी तुमचं इचारलं.”

पूर्ण रस्ताभर मी मनात एकच वाक्य घोकत आले होते, ‘तुमच्या जावयाला तसलं काही नाही.’ तसलं. ज्या विषाणूवर माझं पोट चालतं, त्याचं नाव मी त्या घरातही घेतलं नव्हतं. मी सर्दीवालीच राहिले होते.

तिनं मला आणखी अवघडवलं नाही. वडिलांना म्हणाली, “लगनाला माझी ना न्हाय. पर तालमीत सगळ्यांम्होरं ते सहीचं कागूद ताईंनी मोठ्यानं वाचाय पायजे. न्हायतर उद्या मला ताप आला तरी लोकं हेच म्हणणार.” एवढं बोलून तिनं तांब्या भरला आणि जीपकडं गेली. पैलवान पाणी प्याला. तिनं तो तांब्या आणून घरातल्या इतर तांब्यांच्या रांगेत ठेवला. वडिलांनी बघितलं आणि तो तिथंच राहू दिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी तालमीच्या उंबऱ्यावर उभी राहिले. बायकांनी त्या मातीत पाय ठेवायचा नाही अशी रीत, म्हणून उंबऱ्यावर. समोर सगळे पैलवान बसले होते आणि काही गल्लीतले लोकही जमले होते. मी चारही पानं वाचली. दुसऱ्या पानावर या वेळी गाडी पळवली नाही, एच.आय.व्ही. हा शब्द मी जिथं जिथं छापला होता तिथं तिथं उच्चारला. शुद्ध मराठी कुणाला समजत नाही हे दिसल्यावर कागद खाली ठेवला आणि आपल्या भाषेत सांगितलं. त्यांना पटकन समजलं ते दोन पकडींचं. एका हातानं पकड बसत नाही, विषाणूला पेशीच्या दारावर दोन्ही प्रथिनं धरावी लागतात, तेव्हाच तो आत शिरतो. आणि घामात, मातीत, भांड्यात तो असा लागत नाही.

“घामानं न्हाय?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही.”

“तांब्यानं?”

“नाही.”

जोडीचा पैलवान मान खाली घालून बोटानं माती उकरत होता. मग मी कागदावर नसलेलं बोलले. म्हटलं, यांना तो आजार नाही. पण असता, तरी यांचा तांब्या वेगळा ठेवायचं काही कारण नव्हतं, आणि मी तरीही यांच्या लग्नाचं बोलायला राधानगरीला गेले असते. हे वाक्य मी त्या मुलीसाठी बोलले. तेव्हा ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन अव्वाला फोन केला आणि म्हटलं, आता सर्दी पुरे. ती म्हणाली, “मग काय सांगू?” जे आहे ते सांग म्हटलं. “बघते,” म्हणाली. तिच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोडीचा पैलवान आपणहून मातीत उतरला, असं वस्तादांनी सांगितलं. आणि त्याच आठवड्यात सात नंबर पुन्हा माझ्याकडं आला. मी बोलावलं नव्हतं. बोलवायचं माझं तोंडच नव्हतं. बाही वर करत म्हणाला, “कालधरनं दूधबी न्हाय. वस्ताद म्हणाले, वजन उतरलं तर म्याडमकडनं भरून घीन.” या वेळी वरचं पाणी स्वच्छ होतं, काडीच्या रंगाचं, आणि मध्ये पांढरं कडं इतकं ठसठशीत की मी ते बराच वेळ नुसतं बघत बसले. त्याच पेशींमधून माझ्या गळाला सायक्लोफिलिन लागलं. जगाला आधीच माहीत असलेली गोष्ट, पण मला ती मुरगूडकडच्या एका माणसानं दिली. माझ्या निबंधातलं सगळ्यात स्पष्ट चित्र त्याचं आहे. चित्राखाली ‘दाता ७’ एवढंच लिहिलं आहे.

लग्न दिवाळीनंतर झालं. मी गेले होते, पोटभर जेवले, नवरीनं पंगतीत येऊन मला आग्रहानं बासुंदी वाढली आणि डोळे मिचकावले.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. लग्नाला महिना झाला असेल. एक माणूस प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. कोण, किती वयाचा, कुठला, यातलं काहीच सांगणार नाही. त्या रविवारी तो तालमीसमोरच्या गर्दीत होता एवढं सांगते. म्हणाला, “ते तपासायचं कुठं आसतंय?” आणि मान खाली घातली.

मी त्याला पत्ता लिहून देऊ शकले असते. चांगला पत्ता होता, पैसे पडत नाहीत, नाव फुटत नाही. पेन हातात घेतलंही होतं. पण मला राधानगरीचं ते दार दिसलं आणि ती, माझ्याकडं बघत उभी. आला आसता का? मी पेन ठेवलं, पायांत चपला घातल्या आणि म्हटलं, “चला, मी येते.”

केंद्राबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो. त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट होते. आतून नंबर पुकारला. तो उठला, दोन पावलं गेला आणि वळून माझ्याकडं बघितलं.

“सकाळी दूध प्यालोय,” तो म्हणाला. “चालंल न्हवं?”

“चालतं,” मी म्हटलं. “जा, मी इथंच आहे.”